डब्याला लावलेलं कुंकू

माझ्या पोळ्यांच्या डब्याला ह्यांनी भोकं पाडली, त्या दिवशी मी ह्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. चांगला जाड ॲल्युमिनियमचा डबा, आईनं लग्नात दिलेला. भाजी घेऊन मी घरी आले तर ओट्यावर डबा पालथा, ह्यांच्या हातात ड्रिल मशीन, आणि माझ्या घासून ठेवलेल्या भांड्यांवर चकचकीत चुरा उडतोय. "अहो, काय करू राह्यले तुम्ही हे?" मी दारातूनच ओरडले. तर मान वर न करता म्हणतात, "याले हवा लागते वं. आपल्याकडची गरमी याले सहन होत नाई." जसं काही घरात पाळणाच हलला होता.

'याले' म्हणजे एका तळहाताएवढ्या संगणकाला. हिरवी पाटी, तिच्यावर टिकल्यांसारखे बारके भाग, बाजूला वायरी खुपसायची तोंडं. एवढाच तो संगणक. ना त्याला पडदा, ना बटणांची पाटी. पडदा हवा असला की आमच्या टीव्हीला जोडायचे, आणि माझी मालिका बंद पडायची. त्या दिवसापासून आमच्या घरात पोळ्या स्टीलच्या डब्यात गेल्या आणि आईच्या डब्यात संगणक राहायला आला. पुढे आम्ही त्याला नुसतं डबाच म्हणायला लागलो. गल्लीसुद्धा.

हे वरणगावच्या कारखान्यात होते, मीटर आणि वायरिंगच्या कामावर. रिटायर झाल्यावर बाकीची माणसं देवळाच्या पायरीवर बसतात, गावच्या सरपंचाला शिव्या देतात. ह्यांनी लिनक्स शिकायला घेतलं. लिनक्स म्हणजे काय ते मला विचाराल तर मी एवढंच सांगेन, काळा पडदा, त्याच्यावर धावणारी पांढरी अक्षरं आणि शेजारी गार होत चाललेला चहा. मी चिडायचे. "कारखान्यातनं सुटले, पण मशीन काही सुटेना," म्हणायचे. हे हसायचे. ह्यांना राग यायचाच नाही, आणि त्याचा मला जास्त राग यायचा.

पण डब्यानं एक काम असं केलं की माझं तोंड बंद झालं. जळगावात आमच्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी कधी येईल ते सांगता येत नाही. बायामाणसांनी नळाशी कान लावून बसायचं. ह्यांनी नळाच्या तोंडाशी एक सेन्सर बसवला, त्याची वायर डब्यात आणली आणि गच्चीवर शाळेत असते तशी घंटी लावली. नळाला पाणी लागलं की घंटी वाजणार. पहिल्यांदा ती वाजली तेव्हा अख्खी गल्ली दचकून बाहेर आली. दुसऱ्यांदा वाजली तेव्हा सगळे पाइप घेऊनच बाहेर आले. समोरची शेठाणी, तिच्या घरची दाळ मिल आहे, ती तर रस्त्यातूनच हाक मारायची, "भाऊंचा डब्बा बोलला गं, चला!" मग मीसुद्धा लोकांना ऐटीत सांगायला लागले की आमच्या ह्यांनी केलंय, घरीच केलंय.

सुरुवातीला डब्याचं सगळं डोकं एका नखाएवढ्या मेमरी कार्डात होतं. पाणी कधी आलं, किती वेळ टिकलं, याची नोंद डबा दिवसरात्र त्या कार्डावर लिहायचा. लिहून लिहून आणि आमचा मे महिना सोसून कार्डानं मान टाकली. दुसरं आणलं, त्यानंही टाकली. मग ह्यांनी एसएसडी आणली. पत्त्यांच्या कॅटएवढी चपटी पेटी, आत काही फिरत नाही, घरघरत नाही. सगळं तिच्यात साठवायचं आणि ती एका जाड वायरनं डब्याला जोडायची. डबा सुरू होताना आधी तिला शोधतो. सापडली तर उठतो. नाही सापडली तर लाल दिवा लावून तसाच बसून राहतो, मुक्यासारखा.

ती पेटी बसवली तेव्हाही डबा उठेना. हे दिवसभर त्याच्यापुढे. मी वैतागून म्हटलं, "एवढ्याशा घंटीसाठी हे शिवधनुष्य कशाला? मी बसेन आपली नळाशी." तेव्हा ह्यांनी मला शेजारी बसवलं आणि शाळेतल्या पोरीला सांगावं तसं सांगितलं, "पाह्य, भांडायचं नाई त्याच्याशी. आधी वीज पाह्यची. मग वायर पाह्यची. मग डबा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलाची. दोन बदलल्या की दोष कशात व्हता ते कळत नाई." त्या वेळी दोष विजेत निघाला. ह्यांनी मोबाइलचा चार्जर लावला होता. पेटी जोडल्यावर तेवढी वीज पुरेना. जाड चार्जर लावला आणि डबा उठला. मला त्यातलं फार काही कळलं नाही, पण ते वाक्य डोक्यात बसलं. मिक्सर बिघडला तरी मी म्हणायचे, आधी वीज, मग वायर, मग डबा.

आणखी एक गोष्ट डोक्यात बसली, कारण ती मी चापट खाऊन शिकले. पेटीच्या त्या जाड वायरीच्या टोकाला निळं तोंड असतं, आत पितळेसारख्या बारीक पट्ट्या. मी सहज बोट घातलं तर ह्यांनी फटकन हातावर मारलं. लग्नापासून ह्यांनी माझ्यावर कधी हात उगारला नव्हता. "धातूले हात लावू नको. बोटाले घाम असते, त्याच्यानं ते खराब होते." दसऱ्याला पूजेच्या वेळीसुद्धा तेच. पाटावर पक्कड, टेस्टर, मीटर मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं. डब्याला मात्र जागेवरच, झाकणावर कुंकवाचं एक बोट. मी म्हणायचे, सगळ्यांना पाटावर बसवता, त्यालाही बसवा. तर म्हणायचे, "वायर काढाची नाई. देवाले आतलं बरोबर दिसते."

मग गेल्या वर्षभरात एकेक गोष्ट व्हायला लागली. स्कूटर सराफ बाजारात ठेवून पायी घरी आले आणि दुसऱ्या दिवशी मला विचारलं, स्कूटर कोणी नेली. फ्रिजमध्ये फ्यूजची तार सापडली. मी विचारलं तर म्हणाले, थंड राह्यली पाहिजे. मी हसले. खरंच हसले, कारण मला वाटलं गंमत करताहेत. धुळ्याला दिलेली आमची लेक गणपतीला आली, तिच्या ते लगेच लक्षात आलं. "आई, बाबांनी मला आज किती वेळा विचारलं, गाडी कधीची आहे?" मी म्हटलं, "बाप आहे, विचारणारच." दुसऱ्या दिवशी ती आम्हाला मेंदूच्या डॉक्टरकडे घेऊन गेली.

डॉक्टर तरुण होते, गोड बोलणारे. त्यांनी ह्यांना कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. ज्या माणसानं जन्मभर मीटरच्या काट्यांवर नजर ठेवली, त्याला घड्याळ! ह्यांनी गोल काढला. आकडे सगळे एका बाजूला गोळा केले आणि माझ्याकडे पाहून लाजल्यासारखं हसले. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाईल, हळूहळू माणसं ओळखणंही कमी होईल, तुम्ही एकट्या राहू नका. मी बाहेर आले आणि लेकीवर भडकले. "ह्यांचं चित्र कधीच चांगलं नव्हतं. रांगोळीचा ठिपका येत नाही ह्यांना. त्यावरून काय माणूस वेडा ठरवतो का हा?" लेक म्हणाली, "वेडा नाही गं आई, आजार आहे." आणि मग तिनं हळूच सांगितलं की धुळ्याला तिच्या घराची खालची खोली तिनं रिकामी केलीय. म्हणजे हे आधीपासून ठरलेलं होतं. मला इतका संताप आला की वाटेत मी तिच्याशी बोललेच नाही.

दसऱ्याला मी पुरण वाटण्यात अडकले होते. हे एकटेच पूजेला बसले. घंटा ऐकू आली, उदबत्तीचा वास आला, मला बरं वाटलं. बाहेर येऊन पाहते तर पाटावर पक्कड, टेस्टर, मीटर आणि यंदा डबासुद्धा, वायरी काढून, पेटीसकट, मध्ये बसवलेला. मी म्हटलं, "अरे वा, यंदा त्यालाही मान मिळाला का?" हे नुसतं हसले. संध्याकाळी सगळ्या वायरी त्यांनी परत जोडल्या, जिथल्या तिथे. मला वाटलं, बघा, सगळं तर येतंय ह्यांना.

दुसऱ्या दिवशी पाणी आलं आणि निघून गेलं. घंटी वाजलीच नाही. शेठाणी दारात येऊन कमरेवर हात ठेवून उभी. "काय हो वहिनी, भाऊंचा डब्बा रुसला का?" मी आत येऊन पाहिलं. लाल दिवा लागलेला, हिरवा दिवा जरासा लुकलुकला की विझायचा. टीव्हीला जोडून पाहिलं तर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं: कार्ड शोधलं, मिळालं नाही. पेटी शोधली, मिळाली नाही. पुन्हा कार्ड. पुन्हा पेटी.

लेकीचा फोन आला तेव्हा मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, राहू दे आता ते, बाबांना त्रास नको. तेव्हा माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "ऐक. हा डबा बाबांनी बनवलाय. बाबाच तो सुरू करणार. आणि त्यांनी स्वतःच्या हातानं सुरू केला, तर तू धुळ्याचं नाव काढायचं नाहीस. त्या डॉक्टरचंही नाही." ती म्हणाली, "आणि नाही झाला तर? दिवाळीनंतर याल?" मी म्हटलं, "येऊ." मी इतक्या ठसक्यात म्हटलं, कारण मला खात्रीच होती.

सकाळी चहा झाल्यावर मी ह्यांना डब्यापुढे बसवलं. "डबा उठत नाही, बघा जरा." ह्यांनी चष्मा पुसला, मीटर काढलं. हात बरोबर जात होते हो. लाल वायर इकडे, काळी तिकडे, काटा बरोबर जिथे यायला हवा तिथे आला. "वीज हाये," म्हणाले. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मनात म्हटलं, ये रे डॉक्टरा, ये आणि बघ. हे थोडा वेळ डब्याकडे पाहत बसले. मग म्हणाले, "आधी वीज पाह्यची." आणि पुन्हा मीटर उचललं.

"ते झालं ना आत्ता. आता वायर पाहा," मी म्हटलं.

"हाव, वायर." ह्यांनी वायर हातात घेतली, उलटीपालटी केली, तिची छान गुंडाळी केली आणि टेबलावर ठेवली. मग मीटर उचललं. टीव्हीवर ती अक्षरं चाललीच होती, कार्ड नाही, पेटी नाही, कार्ड नाही, पेटी नाही. माझा तोल गेला. मी टीव्हीकडे हात करून ओरडले, "मेल्या, एकच गोष्ट कितीदा विचारशील?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकदम बारीक आवाजात म्हणाले, "मले म्हणते का?"

"नाही हो, तुम्हाले कशी म्हणेन? याले म्हणते, या डब्याले," म्हटलं आणि ह्यांच्या हातातलं मीटर काढून घेऊन हात हातात धरून बसले. हात थंड होता.

त्यानंतर रोज सकाळी तेच. मी ह्यांना बसवायचे, हे वीज मोजायचे, आणि तिथून पुढे जायचेच नाहीत. शेठाणी म्हणाली, माझा भाचा कॉम्प्युटरमधला आहे, पाठवू का? मी म्हटलं, अजिबात नको. ती म्हणाली, "वहिनी, पाण्याचा प्रश्न आहे हो." मी तिला म्हटलं, पाणी आलं की मी स्वतः गल्लीभर हाका मारत फिरेन, पण डब्याला दुसऱ्याचा हात लागणार नाही. ती मला वरखाली बघत निघून गेली. तिला वाटलं असेल, बाईचंच डोकं फिरलंय.

एका दुपारी हे झोपले होते. बाहेर ऑक्टोबरचं ऊन, गल्लीत चिटपाखरू नाही. मी डब्यापुढे जाऊन बसले. मला ह्यांची जागा घ्यायची नव्हती, नुसतं बघायचं होतं. आधी वीज. घरात तसाच दुसरा जाड चार्जर होता, तो लावून पाहिला. काही नाही. पहिला पुन्हा लावला, एका वेळी एकच गोष्ट. मग वायर. ती काढून खिडकीशी नेली आणि त्या निळ्या तोंडात पाहिलं.

आत लाल होतं. मला आधी वाटलं गंज. गंज असा नसतो. मी नाकाशी नेलं तर हळदीचा वास आला. ओलं कुंकू बोटानं आतपर्यंत दाबलेलं, वाळून त्या पट्ट्यांवर चिकटलेलं, आणि तळाशी अक्षतांचा एक तांदूळ.

इतके दिवस मी समजत होते की डबा बिघडलाय. डबा बिघडला नव्हता. मी त्या तोंडात बोट घातलं म्हणून ज्या माणसानं माझ्या हातावर चापट मारली होती, त्यानंच त्या तोंडाची पूजा केली होती. मनापासून केली असणार, अक्षतासुद्धा वाहिल्या होत्या. मी खिडकीशी खाली बसले आणि पदर तोंडात कोंबून रडले. ह्यांची झोप मोडू नये म्हणून. डॉक्टरनं कागदावर दाखवलेलं मी मानलं नव्हतं. हे मानावं लागत होतं.

मग उठले. ह्यांच्या खणात स्पिरिटची बाटली आणि जुना दात घासायचा ब्रश असायचा, वायरी पुसायला. मी तोंड साफ केलं, सुईनं तांदूळ काढला, पंख्यापुढे वाळवलं, आणि वायर जोडली. हिरवा दिवा लुकलुकला, आणि लुकलुकतच राहिला. टीव्हीवर पांढरी अक्षरं धावायला लागली. डबा उठला. मी केला सुरू. मी, जिला रिमोटचं बटण सापडत नाही. मला टाळ्या पिटाव्याशा वाटायला हव्या होत्या. मला तो डबा उचलून आपटावासा वाटला.

कारण मी केलेलं चालणार नव्हतं. लेकीशी बोली काय झाली होती? बाबांनी स्वतःच्या हातानं. मग ह्यांनी शिकवलं होतं तसं डब्याला नीट बंद केलं, वायर काढली आणि देव्हाऱ्याकडे गेले. करंड्यातलं कुंकू घेतलं, बोटाच्या टोकाला पाणी लावलं, आणि निळ्या तोंडात घातलं, होतं तसं. रोज सकाळी कपाळाला कुंकू लावते मी, आरशात न बघता लावते. त्या दिवशी अर्धं फरशीवर सांडलं. मी कोणाला फसवत होते, लेकीला की डॉक्टरला, असं त्या वेळी कोणी विचारलं असतं तर मी त्याला लाटणं घेऊन मारायला धावले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबलावर टॉर्च, स्पिरिट आणि ब्रश ठेवले. सहज राहिलेत असे. ह्यांनी वीज मोजली. "वीज हाये," म्हणाले. ते पुन्हा मीटर उचलायच्या आत मी वायर त्यांच्या हातात दिली. "उजेडात नेऊन पाहा ना जरा."

हे खिडकीशी गेले. चष्मा कपाळावर चढवला, वायर डोळ्याशी नेली. मी देवाचं नाव घेत ओट्याला धरून उभी. आणि ह्यांच्या कपाळाला आठी पडली. ती आठी मी ओळखत होते, कारखान्यातनं काही बिघडलेलं घरी आणायचे तेव्हा पडायची तीच.

"अवं, यात तं कुंकू हाये! कोन्या येड्यानं घातलं हे?"

"मी," मी म्हटलं. "दसऱ्याला. मला काय कळतंय त्यातलं."

"तुले सांगतलं व्हतं ना, धातूले बोट लावू नको? किती डाव सांगतलं? एवढी म्हतारी झाली, तरी ऐकशील तं शपथ!"

ह्यांनी मला असं रागावलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. आणि मला काय आनंद झाला! मी म्हटलं, "चुकलं हो माझं, चुकलं," आणि मनात म्हणत होते, बोला, आणखी बोला, दिवसभर बोला. ह्यांनी ब्रश स्पिरिटमध्ये बुडवला, हलक्या हातानं एकेक पट्टी पुसली, फुंकर नाही मारली. फुंकरीत थुंकी असते, हे त्यांना आठवत होतं. पंख्यापुढे धरून वाळवलं, पुन्हा उजेडात पाहिलं, जोडलं. हिरवा दिवा लुकलुकायला लागला. ह्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, झालं अशी.

मी तिथल्या तिथे लेकीला फोन लावला. "झाला! बाबांनी केला. स्वतः. दोष शोधून काढला, मला शिव्या दिल्या, सगळं केलं." ती म्हणाली, "खरंच, आई?" आणि रडायला लागली. "ठीक आहे. मी नाही काढणार धुळ्याचं नाव. बाबांना सांग, शाबास." मी जिंकले होते. मी फोन ठेवला आणि शिरा करायला घेतला.

दुपारच्या आधीच पाणी आलं. गच्चीवर घंटी घणघणली. किती दिवसांनी! दारं उघडली, बादल्या वाजल्या, शेठाणी ओरडली, "भाऊंचा डब्बा बोलला गं!" हे दाराशी गेले. लोक हात करत होते, "भाऊ, वा!" म्हणत होते, आणि हेही सगळ्यांना हात जोडत होते. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. ह्यांचा चेहरा असा खुलला होता की माझ्या मनातलं ते निळं तोंड, ते कुंकू, सगळं मी पुसून टाकलं. म्हटलं, एक दिवस चुकला असेल माणूस. सणाच्या गडबडीत कोणीही चुकतं.

मग हे आत आले. डब्यापाशी थांबले. वाकून त्याच्याकडे पाहिलं, भोकांवरून बोट फिरवलं, वायर कुठून कुठे गेलीय ते नजरेनं पाहत गच्चीपर्यंत गेले आणि परत आले. माझ्यासमोर उभे राहून अदबीनं, एकदम शुद्ध भाषेत म्हणाले, "वहिनी, ही घंटी कोणी बसवली हो?"

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "काय म्हणता?"

"नाही, म्हटलं काम फार सुंदर आहे. डब्याला भोकं पाडलीत बघा, हवेसाठी. आपल्याकडच्या गरमीचा विचार केलाय माणसानं. हुशार माणूस दिसतो."

हातातला झारा मी घट्ट धरला. "आमच्या मालकांनी बसवली," मी म्हटलं.

"असं का? घरी आहेत का ते? भेटलो असतो."

कढईतला शिरा लागत होता, त्याचा वास येत होता, आणि मी जागची हलू शकत नव्हते. मी ओरडू शकले असते. अहो, तुम्हीच ते, असं खांदे धरून सांगू शकले असते. पण ह्यांच्या चेहऱ्यावर इतकं निर्मळ कौतुक होतं. त्या माणसाबद्दल इतकं चांगलं कोणीच कधी बोललं नव्हतं, मीसुद्धा नाही. मी म्हटलं, "बाहेर गेलेत. बसा तुम्ही. चहा ठेवते."

आत जाऊन गॅस बंद केला आणि तिथूनच लेकीला कळवलं, खालची खोली रिकामीच ठेव, दिवाळीनंतर येतोय.

चहा घेऊन बाहेर आले तर हे खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते, पाय जवळ घेऊन, हात मांडीवर, परक्या घरी बसतात तसे. चहा संपवून त्यांनी कप हलकेच खाली ठेवला आणि उठायला लागले. "येतो मग. त्यांना सांगा, मी येऊन गेलो." आणि दाराशी आपल्या चपला शोधायला लागले.

"थांबा ना थोडं," मी म्हटलं. "येतीलच इतक्यात."

ते पुन्हा बसले. मी त्यांच्या शेजारची खुर्ची ओढून घेतली. गल्लीतलं पाणी अजून चालू होतं, घंटी बंद झाली होती. आणि आम्ही दोघंही दाराकडे बघत ह्यांची वाट पाहत बसलो.